खाँसाहेब मधोमध

मिरजेच्या आमच्या घरातली बैठक 14 फूट लांब, 10 फूट रुंद. आम्ही दोघा भावांनी भागीत जुने, जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर आणले ते अब्बांसाठी. सतारीची जवारी काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचा डावा कान आता हळूहळू साथ सोडत होता.

स्पीकर पहिल्यांदा ठेवले ते शोकेसच्या दोन्ही बाजूंना, पार कोपऱ्यांत. कपाटं ठेवतात तसेच. तबल्याचा डग्गा घुमायला लागला आणि गाणं त्याखाली दबलं. अब्बा म्हणाले, "गवई कुठाय रे? नुसती भिंत वाजतेय."

त्यांचं खरं होतं. खर्जातला आवाज भिंतीपाशी फुगतो, कोपऱ्यात दोन भिंती मिळून त्याला आणखी फुगवतात. शिवाय 14 फुटांच्या खोलीत साधारण 40 हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून राहतो. आम्ही स्पीकर मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढं ओढले, आपसात 6 फूट अंतर ठेवलं, तोंडं किंचित आत वळवली. खुर्ची दोन्हींपासून सारखीच, 7 फुटांवर. तिच्यावर उशी टाकली, म्हणजे कान वरच्या छोट्या स्पीकरच्या उंचीला येतील. मग धाकट्यानं बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत नेला. खुर्चीतून जिथं आरशात स्पीकर दिसतो, तिथूनच आवाज उसळून कानावर येतो. त्या जागी वाकळ टांगली. अम्मी म्हणाली, "पाहुणे आले तर काय सांगू, वाकळ वाळत घातलीय म्हणून?"

परीक्षेला लावले अब्दुल करीम खाँसाहेब. 1937 साली गेले, इथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेत. त्यांच्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज. मांडणी बरोबर असेल तर गळा दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेतून आला पाहिजे. आणि आला! तिथं शोकेसमधल्या कपबशा होत्या, पण आम्हाला तिथं माणूस बसल्यासारखा वाटला. खडूनं खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या आणि अब्बांना हाताला धरून बसवलं.

अब्बांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "मधे कुठं? उजवीकडं सरकून बसलेत की."

आम्ही पुन्हा टेप लावली. सूतभरही फरक नव्हता. फरक कुठं होता ते आम्हाला ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? शेवटी थोरल्यानं काही न बोलता अँप्लिफायरचं बॅलन्सचं बटण डावीकडं फिरवलं. थोडं, आणखी थोडं. आमच्यासाठी खाँसाहेब मधून उठले आणि डाव्या स्पीकरपाशी जाऊन बसले. दिवसभराची मोजमापं वाया.

"हां. आता बसले," अब्बा म्हणाले. तीन मिनिटांत तबकडी संपली. "पुढचं लावा."

आम्ही दोघं चटई उचलून डाव्या स्पीकरच्या बाजूला सरकलो.