जुनीच माती

नर्सरीत आलेला शेतकरी आधी मिरचीच्या रोपाचं पान उलटून बघतो, मग वाफ्यात बोट खुपसतो आणि विचारतो, "अक्का, माती नवी टाकली ना यंदा?"

"नाही मामा, जुनीच आहे."

जरा विचारात पडतो. माणूस सिरोंच्याचा असो, अंकिसा-आसरअल्लीचा असो की प्राणहितेपलीकडून पुलावरून आलेला तेलंगणातला असो, रोपाची माती दरसाल नवी हवी हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्यामागे कारणही आहे. मिरचीची रोपं चार पानांवर आली की एका रात्रीत वाफ्याचा एखादा कोपरा आडवा होतो. देठ मातीलगत पाणचट होतं, बोटाने हलवलं तर तुटतं. ही रोपमर. पिथियमसारख्या बुरश्या ती घडवतात आणि त्या मातीतच मुक्काम करतात. म्हणून माती फेकायची आणि नवी आणायची, हा सरळ हिशेब झाला.

पण नवी म्हणजे कुठली? आमच्याकडे दोनच ठिकाणची. एक नदीकाठचा गाळ, दुसरी जंगलातली वरची काळी माती.

गाळाचं आम्हाला अप्रूप नाही. २०२२च्या जुलैत गोदावरी आणि प्राणहिता दोघी एकदम चढल्या, तेव्हा काठच्या शेतांत तो न मागता येऊन पडला. ओला असताना लोण्यासारखा, वाळला की परातीएवढ्या खपल्या. त्यात अन्नद्रव्यं असतात, नाही असं नाही, पण कण इतके बारीक की पिशवीत भरून दोनदा पाणी दिलं की वर पापडी धरते. खाली मुळाला हवा मिळत नाही. माती रवाळ व्हायला तिच्यात कुणीतरी राहावं लागतं: बुरशीचे धागे, जिवाणूंचा चिकटा, गांडुळाच्या अंगचा बुळबुळीत स्राव. त्यानेच कण एकमेकांना धरून राहतात आणि मधे पोकळी उरते. पुराचा गाळ ही सगळी वस्ती धुऊन आलेला असतो.

जंगलातली माती मात्र फार चांगली, आणि ती मी आणत नाही. सागाच्या, ऐनाच्या पानांखालचा तो काळा थर दोन बोटांचाच असतो. मार्चमध्ये मोहफुलं वेचायची म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर दिसतात. ती आग कधीकधी पार पुढे जाते. एवढ्या मारातून जो थर वाचतो तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून माझ्या पिशव्यांत आणायचा, हे मला पटत नाही. कायद्यालाही पटत नाही. आणि आणलीच, तरी वरून पाला पडणं थांबलं की ती माती एका हंगामात फिकी पडते. तिचं काळेपण तिच्या घरी असतं.

म्हणून जुनी. मिरचीची रोपं खरिपात जातात, त्यामागून वांगी, टोमॅटो, कोबी. फेब्रुवारी सरता सरता वाफे रिकामे होतात. तेव्हा वाफ्यातली आणि न विकल्या गेलेल्या पिशव्यांतली माती मी एका जागी ओतते. जाड खोडं वेगळी करून कंपोस्टकडे पाठवते. बारीक मुळं मात्र निवडत बसत नाही, ती कुजली की पाण्याहवेच्या वाटा तयार होतात. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे पिशवीच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो, तेवढा खरवडून काढते. मग चाळणी. चाळणी खडे काढण्यापुरती, माती पीठ करण्यासाठी नव्हे. हौशी लोक इथेच जास्त मेहनत घेतात आणि राहिलेसाहिले रवे फोडून टाकतात.

यानंतर सिरोंच्याचं ऊन कामाला येतं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. जुनी माती सपाट जागी वीतभर जाडीत पसरायची, त्याहून जाड नाही. भरपूर भिजवायची आणि वरून पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या. काळं प्लास्टिक इथे उपयोगाचं नाही, ते स्वतः तापतं आणि ऊन खाली जाऊ देत नाही. भिजवायचं कारण असं की ओल्या मातीत उष्णता खोलवर उतरते आणि बुरशीची, तणांची जी बीजं कोरडी निजलेली असतात ती जागी होतात. जागं झालेलं बीज उष्णतेला लवकर बळी पडतं. चार ते सहा आठवडे ही माती अशी झाकलेली राहते. रोपमरीची बुरशी यात बहुतेक मरते. हरळी-लव्हाळ्याच्या खोल गाठी वगळता बरंचसं तणही जातं.

आणि गांडुळंही जातात. माझ्या कामातला सगळा पेच इथे आहे. ज्या उन्हाने माती रोगमुक्त होते, त्याच उन्हाने ती ओसाड होते. पुस्तकात सौरनिर्जंतुकीकरणाचं प्रकरण वेगळं आणि गांडूळखताचं वेगळं असतं. परसात दोन्ही एकाच महिन्यात येतात. तेव्हा एप्रिल लागण्याआधी गांडुळांची वस्ती मातीतून काढून सावलीत न्यावी लागते आणि दोन महिने ती जगवावी लागते. गांडूळखत करणं फारसं अवघड नाही. गांडुळांचा उन्हाळा काढणं हे खरं काम.

विकत मिळतात ती गांडुळं बहुतेक दोन जातींची: लालसर आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतून आलेलं, अंगाने मोठं युड्रिलस युजेनी. आयसेनियाला पंधरा ते पंचवीस अंश तापमान मानवतं, पस्तिशीच्या वर ते तग धरत नाही. युड्रिलस गरमीला थोडं जास्त सोसतं. सिमेंटची जमिनीवरची टाकी आमच्याकडे मे महिन्यात तव्यासारखी होते, म्हणून मी जमिनीत खड्डा घेते, कडुनिंबाच्या सावलीत, वर तुऱ्हाट्यांचा मांडव, त्यावर तणस. खड्ड्यावर ओलं बारदान. पाणी सांजेला, आणि तेही पाइपात तापलेलं पाणी आधी दुसरीकडे सोडून दिल्यावर. मूठभर माल दाबला तर बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. लाल मुंग्या दिसल्या की समजायचं, खड्डा कोरडा पडतोय. चिचुंद्रीसाठी जाळी. कोंबड्यांसाठी आरडाओरडा.

एवढं करूनही मोठी गांडुळं काही मरतातच. त्यांच्या अंडकोशांवर माझा भरवसा जास्त. लिंबाच्या बीसारखे ते पिवळसर दाणे मोठ्या गांडुळांपेक्षा जास्त सोसतात. ओल नि थोडा गारवा मिळाला की तीनेक आठवड्यांत त्यांतून पिल्लं निघतात.

या विकतच्या गांडुळांवरून विदर्भात भांडण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आयसेनियाच्या पक्के विरोधात आहेत. त्यांचा भर जीवामृतावर: दोनशे लिटर पाण्यात देशी गाईचं दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ते शिंपडा, वर आच्छादन ठेवा, जमिनीतलं स्थानिक गांडूळ आपण होऊन वर येईल, असं त्यांचं म्हणणं. याउलट गांडूळखताच्या प्रशिक्षणात आयसेनियाच्या किलोकिलोच्या पिशव्या शेतात सोडायला सांगणारेही मी ऐकलेत. मला विचाराल तर शेतापुरतं पाळेकरांचं बरोबर आहे. आयसेनिया हा उकिरड्याचा जीव. त्याला कुजका माल लागतो, नुसत्या शेतमातीत तो राहतच नाही. तो तिथे सोडणं म्हणजे पैसे सोडणं. पण माझ्या खड्ड्यात सगळा कुजका मालच आहे आणि मला तो ठरल्या मुदतीत संपवून हवा आहे. तिथे आयसेनियाला तोड नाही. जमिनीतली देशी गांडुळं उन्हाळ्यात खोल जाऊन वेटोळं करून पडतात आणि जूनमध्ये वर येऊन विष्ठेच्या गोळ्या मांडतात. त्यांना खड्ड्यात कोंडण्यात अर्थ नाही, आणि आयसेनियाला त्यांच्या बांधीत धाडण्यात नाही.

डार्विनने गांडुळांवरचं पुस्तक १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी छापलं. एका एकरातून गांडुळं वर्षाला दहा टनांच्या आसपास माती पोटातून काढून वर आणतात, असा त्याचा इंग्लंडमधल्या काही जमिनींचा हिशेब होता. त्याने कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या गांडुळांनी रचलेल्या विष्ठेच्या मनोऱ्याचं चित्रही दिलं आहे. इतका मोठा माणूस म्हातारपणी रात्री दिवा घेऊन कुंड्यांतली गांडुळं बघत बसायचा, हे वाचल्यापासून मला घरच्यांच्या हसण्याचं काही वाटत नाही.

गांडुळांना द्यायचा माल मात्र आधी अर्धा कुजलेला लागतो. ताजा ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात गांडूळ टाकणं ही हत्याच. आणि शेणाचा इथे तुटवडा, हे ऐकून बाहेरच्यांना नवल वाटतं. गुरं पुष्कळ, पण ती दिवसभर जंगलात मोकळी. शेण वाटेवर पडतं. तेव्हा कमी शेणात भरपूर काडीकचरा कुजवणारी रीत हवी, आणि ती यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवून दिली. नाडेप हे त्यांच्याच नावातलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी विटांआड भोकं. चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, शेण फक्त नव्वद ते शंभर किलो, सतराशे-साडेसतराशे किलो चाळलेली माती. थरावर थर, वरून लिंपण, तीन-चार महिन्यांत खत. यात मातीचं वजन कचऱ्याहून जास्त आहे, इकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या दृष्टीने तो जुनी माती मुरवण्याचाच हौद आहे. वाफ्यातली थोडी थकलेली माती मी दरवर्षी उन्हात न टाकता याच थरांत घालते.

याच्याही आधी, १९२४ ते १९३१ या काळात, इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' घडवली. १९३१च्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून हॉवर्ड जगभर पोचले. वाडांचं नाव आपल्याकडच्या शिबिरांत मी एकदाही ऐकलेलं नाही.

तणसाबद्दल थोडं. भाताचं तणस आमच्याकडे ढिगांनी, पण त्यात वाळू-काचेचा जो मूळ घटक, सिलिका, तो भरपूर आणि नत्र अगदी कमी. नुसतं तणस रचलं तर पुढच्या वर्षीही तणसच दिसतं. धुऱ्यावरच्या गिरीपुष्पाचा हिरवा पाला किंवा करंजाचा पाला थरात घातला की चक्र फिरतं. न कुजलेल्या मालाचं काय होतं ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. वडधमच्या जीवाश्म उद्यानात झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत. ते गाळाखाली असे गाडले गेले की कुजवणाऱ्यांना हवाच मिळाली नाही, आणि पाण्यातली सिलिका लाकडाच्या पेशी-पेशीत जाऊन बसली. जवळच, कोटा नावाच्या खडकांच्या थरांत, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी १९६०च्या आसपास प्रचंड डायनोसॉरची हाडं खणून काढली. टागोरांच्या नावाने त्याला बारापासॉरस टागोरी म्हणतात आणि त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना वडधमला नेतो. माझा खड्डा बघायला कुणी येत नाही, आणि वासाचं निमित्त काढावं तर त्याला वासही नाही.

आणखी एक गोष्ट मोहाच्या मुलखात सांगायलाच हवी. मोहाच्या टोळीचं तेल काढल्यावर उरलेली ढेप खत म्हणून चांगली, असं सांगून देतात. तिच्यात सॅपोनिन असतं. मत्स्यतळ्यांत नको असलेले मासे मारायला हीच ढेप वापरतात आणि गांडुळांनाही ती तितकीच घातक. पाण्यात दोन-तीन आठवड्यांत तिचं विष उतरतं, पण मी ती गांडुळांच्या जवळपास येऊ देत नाही. निंबोळी ढेप चालते, तीही बेताने.

जून लागला, दोन सरी पडल्या की प्लास्टिक काढायचं. आता ही माती मोकळी असते, आणि मोकळ्या घरात पहिला कोण शिरतो यावर पुढचं सगळं ठरतं. रोपमरीची बुरशी परत यायला वेळ लागत नाही. म्हणून त्याच आठवड्यात, उशीर न करता, शेणखतावर सावलीत वाढवलेली ट्रायकोडर्मा ही उपकारी बुरशी, तीन भाग मातीला एक भाग गांडूळखत आणि निचऱ्यासाठी राइस मिलचं जळकं तूस. गांडूळखत मी चाळून कोरडं करत नाही. पाच दिवस पाणी तोडायचं, ढीग शंकूसारखा करायचा, उजेडाला भिऊन गांडुळं तळाशी जातात, वरचं खत अलगद उचलायचं. त्यात अंडकोश राहतात, राहू द्यायचे. तीच त्या मातीची नवी वस्ती. मग वाफे दहाएक दिवस नुसते ओले ठेवायचे आणि बी त्यानंतर टाकायचं. गिऱ्हाईक घाई करतं, करू द्यावी.

कुंड्या-पिशव्या मातीसकट परत आणणाऱ्याला मी पुढचं रोप कमी पैशांत देते. ही माती घेताना एकच विचारते: तणनाशक मारलं होतं का? भातात मारलेलं औषध तणसावाटे, शेणावाटेही येऊ शकतं. उत्तर बहुधा "नाही" असंच येतं, म्हणून मी परत आलेली माती वेगळी ठेवते, तिच्या दोन-तीन डब्यांत मेथी आणि हरभरा पेरते, शेजारी माझ्या मातीचा एक डबा. आठवड्याभरात पानं सरळ निघाली तर ती ढिगात जाते. कोंब वळले, पानं पेल्यासारखी वळून जाड झाली, तर ती माती मागच्या मेंदीच्या कुंपणाला. मेंदी तक्रार करत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मेथी पेरून बघायची.