निवडणूक, खुर्च्या आणि उचल

विधानसभा असो की महापालिका, निवडणूक जाहीर झाली की सगळ्यात आधी कामाला लागतो तो आमचा मामा. तो कुठल्याच पक्षात नाही. खारदांड्यात त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. खुर्च्या, पडदे, स्टेज, साउंड, जनरेटर, सगळं भाड्याने मिळेल. गणपती, हळद (आमच्या कोळीवाड्यात हळद लग्नापेक्षा मोठी असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको) आणि निवडणूक हे त्याचे तीन सीझन. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची धामधूम होती, मी घरी होतो, आणि बिलं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता.

त्या पंधरा दिवसांत मी जे नागरिकशास्त्र शिकलो ते शाळेच्या पुस्तकात नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे दरपत्रक. निवडणूक अधिकारी चक्क दरांची यादी काढतात. चहा एक कप, वडापाव एक नग, प्लास्टिकची खुर्ची एक दिवस, झेंडा, टोपी, ढोल-ताशा, सगळ्याचे दर. उमेदवाराने हिशेबात वडापाव स्वस्त दाखवला तरी अधिकारी यादीतल्या भावानेच धरणार. इतका बारीक हिशेब आपल्या मेसच्या सेक्रेटरीनेसुद्धा कधी ठेवला नसेल! विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. वाचून मला वाटलं, वा, काय कडक कायदा आहे!

मग दुसरी गोष्ट. एका संध्याकाळी मोठे नेते येणार होते. स्टेज तयार, मागे भलामोठा बॅनर, त्यावर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. सभेच्या तासभर आधी फोन आला, "तो बॅनर उतरवा, दुसरा पाठवतोय." दुसऱ्या बॅनरवर फक्त नेते आणि चिन्ह. उमेदवार स्वतः तेव्हा दुसऱ्याच गल्लीत पदयात्रा काढत फिरत होता. मला वाटलं, दोघांचं भांडण झालं असणार. मामा हसला. म्हणाला, "भांडण कसलं रे, हिशेब आहे. फोटो लागला तर खुर्च्या त्याच्या खात्यात, नाही लागला तर पक्षाच्या."

आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादा किती? मर्यादाच नाही. हिशेब पक्षालाही द्यावा लागतो, पण आकडा कितीही असू दे. म्हणजे वडापाव मोजायला सरकारी माणूस, कॅमेरा, रजिस्टर. आणि हेलिकॉप्टरला मोकळं आकाश.

मी नंतर लायब्ररीत बसून हे शोधलं. गंमत अशी की सुप्रीम कोर्टाने ही पळवाट एकदा बंद केली होती. दिल्लीतल्या एका लोकसभा निवडणुकीच्या खटल्यात (कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला) १९७४ साली कोर्टाने सांगितलं की, पक्षाने उमेदवारासाठी त्याच्या संमतीने केलेला खर्चही उमेदवाराचाच धरायचा. निकाल ऑक्टोबरमधला. त्याच वर्षी आधी वटहुकूम आणि मग कायदा करून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं: नाही, तो खर्च धरायचा नाही! आपल्या एखाद्या असाइनमेंटवर इतक्या तातडीने कुणी काम केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्याच सुमारास जयप्रकाश नारायणांनी निवडणूक सुधारणेसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले मराठी, मूळचे सासवडचे वि. म. तारकुंडे. १९७५ मध्ये त्यांचा अहवाल आला. मग आणीबाणी आली. असो.

त्यानंतर ही गोष्ट सगळ्यांना माहीत आणि कुणीच न बोललेली अशी राहिली. बोलले ते एकदा गोपीनाथ मुंडे. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात ते बोलून गेले की, २००९ च्या लोकसभेला आपला खर्च ८ कोटी झाला. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाने नोटीस काढली. मला वाटतं, त्या सभागृहात बसलेल्या एकाही राजकारण्याला त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं नसेल. वाटलं असेल ते तो मोठ्याने बोलल्याचं.

आता थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, कारण तिथे सगळं आपल्या उलटं आहे. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा, पण एखाद्या माणसाने पक्षाला किती द्यावं याला नाही. तिकडे उमेदवाराने किती खर्चावं याला मर्यादा नाही, पण एका माणसाने उमेदवाराला किती द्यावं याला आहे. २०२४ च्या वेळी ती एका निवडणुकीला ३,३०० डॉलर होती. कारण १९७६ साली बक्ली विरुद्ध व्हॅलिओ या खटल्यात त्यांच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की, प्रचारावर पैसा खर्च करणं हा बोलण्याचाच भाग आहे, त्याला मर्यादा घालणं म्हणजे तोंड बंद करणं. देणगीवरची मर्यादा मात्र चालेल. स्वतःचा पैसा स्वतःवर कितीही उधळा.

याचं उदाहरण घरातलंच आहे. बेळगावचे श्री ठाणेदार आठवतात ना, 'ही श्रींची इच्छा' वाले? आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते पुस्तक असेल, दहावीच्या निकालानंतर काकांनी दिलेलं. २०१८ मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदाची पक्षांतर्गत निवडणूक लढवली आणि स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त ओतले. आले तिसरे. २०२२ मध्ये पुन्हा स्वतःचा बक्कळ पैसा लावून ते तिथल्या संसदेत निवडून गेले. पैशाने निवडणूक हमखास जिंकता येते असं नाही, पण उभं राहायचं तिकीट तेवढं नक्की मिळतं.

२०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने तर कंपन्या आणि कामगार संघटनांनाही उमेदवारापासून स्वतंत्रपणे वाट्टेल तेवढा खर्च करायची मुभा दिली. त्यातून 'सुपर पॅक' नावाचे प्रकार निघाले. २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्कने २५ कोटी डॉलरहून जास्त लावले. म्हणजे मामाच्या दोन बॅनरचीच गोष्ट, फक्त इंग्रजीत.

तिकडची पद्धत मला आदर्श वगैरे वाटत नाही. पण एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. त्याने एका उमेदवाराला २५० डॉलर दिले. २०० डॉलरच्या वर गेलं की देणाऱ्याचं नाव, गाव, व्यवसाय आणि नोकरी कुठे हे सरकारी वेबसाइटवर येतं, आणि ते कुणीही पाहू शकतं. आम्ही इथे हॉस्टेलच्या रूममध्ये बसून त्याचं नाव शोधून काढलं. तो बिचारा घाबरला, कारण सासरे दुसऱ्या पक्षाचे!

हे 'कुणाचे पैसे कुणावर' माहीत असणं का महत्त्वाचं, हे खारदांड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बोट समुद्रात जायची तर डिझेल, बर्फ, जाळं, खलाशांचे पैसे आधी लागतात. हातात नसले की व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. व्यापारी चांगला माणूस असतो, अडीनडीला धावतो, लग्नाला येतो. फक्त बोट परत आली की मासळी त्यालाच द्यायची, आणि भाव तो म्हणेल तो. शेजारचा जास्त देत असला तरी गप्प बसायचं. आणि कुठल्या बोटीवर कुणाची उचल आहे हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे भावाची घासाघीस चालू असताना कोण का गप्प बसलंय हे कळतं.

ही उचल राजकारणात शिरतेय हे ओळखणारा माणूस मुंबईच्याच हायकोर्टात होता. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आलं. कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे परवानगी द्यावी लागली. पण त्यांनी निकालातच धोक्याचा इशारा दिला आणि संसदेने याकडे बघावं असं सुचवलं. संसदेने नंतर बघितलं, पण कसं? १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच आणली, १९८५ मध्ये बंदी उठवली. २०१३ च्या कंपनी कायद्यात सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये काढून टाकली. आणि त्याच सालच्या वित्त कायद्यातून आले निवडणूक रोखे.

रोखे म्हणजे काय, तर स्टेट बँकेत जायचं, हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षाने १५ दिवसांत वटवायचा. कुणी दिला ते जनतेला कळणार नाही. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नव्हतं, पण अतिनील प्रकाशात दिसेल असा छुपा क्रमांक होता, हे एका पत्रकार बाईंनी २०१८ मध्येच प्रयोगशाळेत तपासून घेऊन उघड केलं. (इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी नोंद घ्यावी. आपल्या शिक्षणाचे असेही उपयोग आहेत.)

१५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे घटनाबाह्य ठरवले. सोबत ती साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणंही रद्द झालं. बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत मुदत मागितली. कोर्टाने दिली नाही. मार्चच्या मध्यावर याद्या आल्या: एक घेणाऱ्यांची, एक वटवणाऱ्यांची, दोन्हींत दुवा काहीच नाही. क्रमांक आले आठवडाभराने. त्या रात्री आमच्या विंगमधल्या दोघांनी पीडीएफमधून सगळं एक्सेलमध्ये ओढून जुळवाजुळव केली, सबमिशन बाजूला ठेवून. सगळ्यात जास्त रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्या धंद्यातली निघाली, १,३६८ कोटींची. पहाटे साडेतीनला मॅगी खाताखाता मला पहिल्यांदा वाटलं, की देशाची अख्खी बंदरावरची उचलवही आपल्यासमोर उघडी पडली आहे.

वही उघडली खरी, पण पुढे काय, ते आत्याच्या बाबतीत बघितलं.

माझी आत्या मासळी विकते. पाण्याच्या लाइनसाठी, मासळी सुकवायच्या जागेसाठी, कोळीवाड्याच्या सीमांकनासाठी वॉर्ड ऑफिसात सगळ्यात जास्त चपला तिनेच झिजवल्यात. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. २०२५ च्या शेवटी निवडणूक जाहीर होणार म्हटल्यावर बायका तिच्या मागे लागल्या, तू उभी राहा. महापालिकेच्या उमेदवाराला मर्यादा १५ लाखांची. आम्ही मामाच्या दुकानात बसून हिशेब मांडला. छपाई, रिक्षा, स्पीकर, बूथवरच्या पोरांचं जेवण. काटकसर करूनसुद्धा आकडा तिच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढा झाला.

दोन दिवसांनी एक गृहस्थ घरी आले. सभ्य माणूस, बांधकामाच्या धंद्यातले. म्हणाले, ताई, पैशाची काळजी करू नका, सगळं मी बघतो. आत्याने विचारलं, "तुमाला काय होवं?" ते म्हणाले, "आत्ता काहीच नको."

"मंग कवा होवं?" आत्या म्हणाली.

ते नुसतेच हसले. चहा पिऊन गेले. आत्या उभी राहिली नाही. बायका रागावल्या, मीही रागावलो. म्हटलं, अगं घ्यायचे पैसे आणि निवडून आल्यावर त्याचं ऐकायचं नाही! तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी जन्मात कधी उचल घेतलेली नाही हे तिला तिथेच कळलं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. त्याआधी आत्याने तिला बऱ्या वाटलेल्या एका उमेदवाराच्या ऑफिसात जाऊन ५०० रुपये दिले आणि पावती मागितली. तिथल्या पोराने आयुष्यात पहिल्यांदाच कुणी पावती मागितल्यासारखा चेहरा केला, कपाट उघडलं, बंद केलं, आणि "मावशी, घरी पाठवतो" म्हणाला. निकाल लागला, गुलाल उधळला, मामाच्या खुर्च्या परत आल्या, तीन मोडक्या. पावती अजून आलेली नाही. आत्या दर आठवड्याला टोपली घेऊन त्या ऑफिसावरून जाते आणि आत डोकावून विचारते.