जकातमाफीत आपला वाटा कोणता?

थळच्या किनाऱ्यावरून कंटेनरने भरलेली जहाजे येताजाताना दिसतात. त्यातली बरीचशी न्हावा-शेवाची. त्या पेट्यांवर कोणाची चूल पेटते, हे आपल्या वस्तीत फारसे कोणी विचारीत नाही.

ते बंदर १९८९ साली सुरू झाले. बंदरालगत सुमारे २७७ हेक्टरवर विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे ‘सेझ’ आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे कुंपणाच्या आतला भाग जकातीपुरता परदेश समजला जातो. कच्चा माल जकात न भरता आत येतो, पक्का होऊन परदेशी जातो. तोच देशात विकायचा तर जकात भरावी लागते. सरकार आपले उत्पन्न सोडते ते परकीय चलन आणि रोजगार यावा म्हणून. कुंपणाबाहेरही पैसा फिरतो : गोदामे, ट्रेलर, क्लिअरिंग एजंट, भाड्याच्या खोल्या, चहाच्या टपऱ्या. अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून हेच चालले आहे.

सेझ नकोच, असे मला म्हणवत नाही. शेतीवर पोसला न जाणारा जादा मजूर उद्योगात गेला पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरच्या निबंधात मांडले होते. २००८ साली पेण तालुक्यातील २२ गावांत महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर सरकारने मतदान घेतले. पुढे तो प्रकल्प बारगळला. शेतकऱ्यांचा लढा रास्तच होता. पण मत होते खातेदाराला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या शेतमजुराला कोणी विचारले?

नोकरीचेही तेच. आमच्या थळचा खत कारखाना सरकारी, म्हणून तिथे राखीव जागांचा नियम आहे. सेझमधल्या खासगी कंपनीवर ते बंधन नाही. शेजारचा एक मुलगा ठेकेदारामार्फत बंदराकडच्या एका गोदामात लागला. दोन वर्षे पेट्या उचलल्या. प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर मागितला, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून गेट बंद! त्याच गोदामात कागदपत्रे करणारी माणसे मात्र कायम होती, आणि त्यांच्यात आपले कोणी नव्हते.

म्हणून विहारात दर रविवारी वंदनेनंतर दोन तास वर्ग घेतो. बी.कॉम.चे ज्ञान एवढ्यापुरते पुरते. सात जण येतात, त्यात चार मुली. बिल ऑफ एंट्री झाले, आता शिपिंग बिल. कॉम्प्युटर एकच आहे, तोही जुना. कोणाकडे पडून असेल तर कळवावे.