तेहतीस घोड्यांची वजाबाकी

तर झालं असं की, गेल्या एप्रिलमध्ये मी माझ्या गाडीला ३३ जास्तीचे घोडे जुंपले. निदान सगळ्यांना तसं सांगत तरी सुटलो होतो.

गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात बनलेली, म्हणजे आमची शेजारीणच. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरची ऑटोमॅटिक डीएसजी. बोनस जमा झाला आणि डोक्यात रीमॅपचा किडा शिरला. रीमॅप म्हणजे ईसीयूमधली फाइल बदलायची. टर्बो थोडी जास्त हवा दाबतो, त्या हिशोबाने पेट्रोल आणि स्पार्कचं टायमिंग बदलतं. एक स्क्रूसुद्धा फिरवावा लागत नाही. आपल्या भाषेत, निव्वळ कॉन्फिग चेंज!

काम झाल्यावर गाडी डायनोवर चढवली. पुढची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी जखडलेली, समोर भला मोठा पंखा. ऑटोमॅटिक गाडीची इथे एक गंमत असते. गिअर मॅन्युअल मोडमध्ये धरून ठेवायचा, पण अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला की खालचं किकडाउनचं बटण दाबलं जातं आणि गाडी आपली अक्कल चालवून गिअर खाली टाकते. ग्राफचा पार चुराडा! पहिल्या दोन रन अशाच वाया गेल्या. तिसरी नीट झाली आणि कागद बाहेर आला : १३८.

१३८ वजा १०५ बरोबर ३३. कागद घरी फ्रिजवर लावला.

बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. चहा घेताना त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला.

"आधी किती होते?"

"१०५."

"कुणी मोजले?"

"कंपनीने. ब्रोशरमध्ये लिहिलंय की."

"ह्या मशीनवर किती होते?"

मी गप्प.

"म्हणजे झीरो चेक न करता मायक्रोमीटर वापरलास," एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

मंडळी, मी परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये पोटापाण्याचं काम करतो. बेसलाइन न घेता 'अ‍ॅप तीस टक्के फास्ट झालं' असं कुणी म्हटलं, तर त्याला मीटिंगमध्ये सोलून काढणारा मीच. आणि स्वतःच्या पैशांची गोष्ट आली तेव्हा ब्रोशरमधून आकडा उचलला!

तरीही मी तो विषय तिथेच सोडला असता. पण ऑफिसातला एक मित्र पेटला. त्याची व्हर्टस, तीही चाकणचीच, १.० टीएसआय ऑटोमॅटिक, वॉरंटीतली. "तुला ३३ मिळाले ना? मग मी पण करतो," म्हणाला. ईसीयूशी छेडछाड झाली की इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते. आणि हे सगळं तो माझ्या फ्रिजवरच्या कागदाच्या भरवशावर करणार होता. आता मात्र पोटात गोळा आला.

मग वाचायला बसलो. डायनो घोडे मोजतच नाही. ठरावीक वजनाचा रोलर किती झपाट्याने वेग घेतो, ते मोजतो. त्यावरून चाकांपाशी पोचलेली ताकद निघते. मग गिअरबॉक्स आणि टायरमध्ये हरवलेली ताकद अंदाजाने परत मिळवतात. आणि शेवटी करेक्शन फॅक्टर. आपलं पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, शिवाय एप्रिलची दुपार. हवा विरळ, म्हणून मशीन आकडा वाढवून दाखवतं. ह्या हिशोबात ती वाढ जवळजवळ दहा टक्के होऊ शकते.

साध्या इंजिनाला हे न्याय्यच आहे. सुपरचार्जरवाल्यालाही बऱ्यापैकी लागू पडतं, कारण सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याचा वेग इंजिनाला बांधलेला, विरळ हवेत तो बिचारा जास्त पळू शकत नाही. टर्बो मात्र एक्झॉस्टवर फिरतो. हवा कमी पडली की ईसीयू त्याला जरा जास्त पळवतो आणि ठरलेला दाब गाठतो. म्हणजे जे नुकसान बऱ्याच अंशी झालंच नव्हतं, त्याचीही भरपाई मशीन देतं. १०५ चे दहा टक्के म्हणजे साडेदहा. एवढे घोडे कागदावर फुकट!

पुढच्या शनिवारी परत गेलो. तोच डायनो, टायरमध्ये तीच हवा, तोच गिअर, सगळं एकाच सकाळी. आधी जुनी फाइल परत टाकली आणि तीन रन घेतल्या : ११७, ११६, ११४. मग रीमॅप : १३७, १३५, १३३. इंजिन तापत जातं तसा आकडा उतरतो, हेही तिथेच दिसलं. बाबांनी बजावलं होतं, "शेवटी पुन्हा पहिलं माप घे," म्हणून परत जुनी फाइल : ११५.

सरासरी काढली तर ११६ आणि १३५. फरक १९, त्यातही दोनेक इकडेतिकडे. बाकीचे चौदा घोडे माझ्या वजाबाकीत जन्मले होते. (ब्रोशरमधला आकडा पीएसमध्ये आणि डायनोचा बीएचपीमध्ये, हा घोळ वेगळाच! १०५ पीएस म्हणजे साधारण १०३.५ बीएचपी.)

वाईट वाटलं का? खरं सांगू, थोडं वाटलं. गाडी तीच, ओव्हरटेक करताना पाठीला बसणारा धक्का तोच, पण ३३ म्हणताना छाती जेवढी फुगायची तेवढी १९ ला फुगत नाही. सोमवारी कॅन्टीनमध्ये मित्रासमोर दोन्ही कागद ठेवले. "३३ नाही, १९. आणि तुझी वॉरंटी चालू आहे."

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "१९ पण कमी नाहीत रे. पण आधी माझी आहे तशी मोजून घेऊ."

अजून त्याने रीमॅप केलेलं नाही. करेल बहुतेक, वॉरंटी संपल्यावर.

फ्रिजवरचा जुना कागद मी काढायला गेलो तर बाबा म्हणाले, "राहू दे, त्याच्या शेजारी दुसरा लाव." आता तिथे दोन कागद आहेत. असो.