नव्व्याण्णव टाके



वर्ष सरत आलं, म्हणून परवा विणकामाची पेटी उघडून हिशेब मांडला. नऊ कानटोप्या, दोन शाली, बाळमोज्यांचे तीन जोड. आमच्या महिला मंडळाने ठरवलेलं एक काम मात्र राहिलं: प्रभुभोजनाच्या मेजावरच्या कापडाची क्रोशाची किनार. ती माझ्यामुळे राहिली.

किनार आमच्यातल्या एका ताईंनी करायला घेतली होती. ईस्टरच्या आधी त्यांनी ती मंडळात आणून दाखवली. कोपरे आत वळत होते. कोपऱ्यावर एकाच घरात तीन खांब घालावे लागतात, ते राहून गेले होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं जमत नाही, तर प्रभूच्या मेजाचं काम कशाला घ्यायचं?" दोघीतिघी हसल्या. ताईंनी कापडाची घडी घातली. पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. रविवारीही नाहीत. लेकीकडे गेल्या असतील, असं मी मनाला सांगितलं आणि विणत राहिले.

ऑगस्टमध्ये बेळगावचा पाऊस घराबाहेर पडू देत नव्हता. शाल विणत होते. शंभर टाके घातले होते, सहज मोजले तर नव्व्याण्णव. एक टाका केव्हा निसटला कळलंच नव्हतं. तो चौदा ओळी खाली घसरला होता आणि त्याच्या वर धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पडले होते. लांबून शाल चांगलीच दिसत होती. पण सुटलेला टाका तसाच ठेवला तर आणखी खाली उसवत जातो.

लूक 15 मधला मेंढपाळ आठवला. त्याच्याजवळ नव्व्याण्णव होती, तरी तो निघाला. कारण तो मोजत होता. आम्ही मंडळात मोजलंच नव्हतं. चार महिने एक जागा रिकामी होती आणि आम्ही सरकून बसलो होतो.

निसटलेल्या टाक्यासाठी सगळी शाल उसवावी लागत नाही. क्रोशाची सुई खाली न्यायची, टाका अडकवायचा आणि एकेक धागा त्यातून ओढत वर आणायचा. मात्र खाली जावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. क्षमा मागितली. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, मी येत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही." किनार त्यांनी त्याच संध्याकाळी उसवून टाकली होती. क्रोशाचं असंच असतं; शेवटचा फास सोडून ओढलं की सगळं सुटतं. माझ्या एका वाक्याने तेच केलं होतं. त्यांनी दोऱ्याचा गुंडा दाखवला. नीट गुंडाळून ठेवला होता.

नाताळच्या उपासनेला त्या आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या. मंडळात अजून येत नाहीत. जानेवारीत किनार दोघी मिळून करू या का, असं विचारलं तर म्हणाल्या, "बघू."

एकेक धागा, एकेक ओळ. चौदा ओळींना वेळ लागतोच.

प्रिय वाचकहो, नवीन वर्षात पाऊल टाकण्याआधी आपल्या मंडळीतले टाके मोजाल का? एखादा कमी भरला, तर प्रभू आपल्याला खाली उतरण्याची नम्रता देवो. आमेन.