एक सुटा भाग

वसई सोडून न्यू जर्सीत स्थायिक झाल्यापासून आम्ही उभयतांनी शाळेचे अनेक समारंभ पाहिले. तथापि २०२३ च्या मार्चमधील दोन दिवस आमच्या मनात घर करून राहिले आहेत. त्या दिवसांत आमची कन्या आपल्या शाळेच्या यंत्रमानव-संघातून स्पर्धेत उतरली होती.

या स्पर्धेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या क्रीडागृहात अठ्ठावीस संघांची पहिली स्पर्धा भरली. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि मुले कामाला लागतात. त्या वर्षी शंकू व ठोकळे उचलून तीन उंचींच्या ओळींत ठेवायचे आणि अखेरीस एका डुलत्या फलाटावर तोल सांभाळून उभे राहायचे, असा खेळ होता. यंत्राचे वजन १२५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५७ किलोंच्या आत हवे होते. त्या वर्षी सामना अवघा अडीच मिनिटांचा असे. त्यातील पहिली पंधरा सेकंदे यंत्राने कोणाच्याही हुकमाविना, पढवून ठेवल्याप्रमाणे चालायचे होते. एका बाजूस तीन संघांची युती, दुसऱ्या बाजूस तिघांची. या सामन्यातील प्रतिस्पर्धी पुढल्या सामन्यात मित्रपक्ष होऊ शकतो. महाराष्ट्रातील वाचकांस याचे नवल वाटू नये!

आमच्या मुलीकडे विजेच्या जोडणीचे काम होते. दोन महिने ती रात्री उशिरा, बोटांना चिकटपट्ट्या लावून घरी येई. दुसऱ्या दिवशी दहा सामन्यांनंतर तिचा संघ आठव्या स्थानी होता. पहिल्या आठांना अंतिम फेरीसाठी आपले जोडीदार निवडण्याचा मान मिळतो, म्हणून आम्ही बोटांवर गुण मोजत बसलो होतो.

इतक्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली. एका संघाचा मोटार-नियंत्रक जळाला होता. कोणाकडे जादा असल्यास द्यावा. आमच्या मुलांकडे एकच जादा होता, आणि मागणारा संघ पुढच्याच सामन्यात त्यांच्या विरुद्ध उभा राहणार होता. आम्ही सज्जातून पाहिले तो आमची कन्या तो भाग घेऊन त्यांच्या दुरुस्तीच्या जागेकडे धावत होती. ती नुसता भाग देऊन परतली नाही. नव्या नियंत्रकाला संगणकावरून त्याचा क्रमांक द्यावा लागतो. तोही देऊन, चाके फिरताना पाहून मगच ती आली.

सामना झाला. त्या यंत्राने एकामागून एक शंकू सर्वांत वरच्या ओळीत नेऊन ठेवले. आमची मुले हरली. बारावा सामनाही हातचा गेला आणि संघ चौदाव्या स्थानी घसरला. पुढे निवडीच्या वेळी कोणीही त्यांचे नाव घेतले नाही.

आम्हांला राहवले नाही. तिला बाजूला घेऊन आम्ही दबक्या आवाजात म्हणालो, “सामना संपल्यावर दिला असतास तर काय बिघडले असते?”

ती आमच्याकडे पाहत राहिली. “पप्पा, त्यांचा रोबो नुसता उभा राहिला असता, तर आम्ही हरवलं कोणाला असतं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. या स्पर्धेचे एक आधारस्तंभ, एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स, मुलांना आवर्जून सांगत की, जिद्दीने झुंजा आणि त्याच वेळी परस्परांशी सौजन्याने वागा. २०१९ साली ते निवर्तले. मुलांनी ती शिकवण उचलली होती. आम्ही मात्र वेगळ्या शाळेत शिकलो होतो. आमच्या काळी दहावीची गुणवत्ता यादी वृत्तपत्रांत छापून येई आणि घराघरांत तिची पारायणे होत. त्या वर्षी आम्हां दोघांपैकी एकाने सोडवलेला प्रश्नसंच बाकावरल्या सोबत्यापासून दप्तरात लपवला होता. तो कोणी, हे येथे लिहिण्याचे धैर्य अजून होत नाही.

असे असले, तरी त्या आधीची एक शिकवण आमच्या घरात होती. शेजाऱ्याच्या विहिरीवरचे इंजिन अडले की आमचे आजोबा स्वतःच्या इंजिनाचा पट्टा काढून देत. त्या दिवशी आमच्या केळी तहानलेल्या राहत. आजोबा त्याविषयी चकार शब्द काढीत नसत. मुलीने आजोबांना पाहिलेलेही नाही.

सायंकाळी तो संघ नियंत्रक परत करण्यास आला. मुलीने तो पेटीत ठेवला आणि त्यांचा अंतिम फेरीतील सामना पाहण्यास आम्हांला हाताला धरून नेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळ्या जड हातांनी वाजल्या, हे कबूल केले पाहिजे.