क्रूझचा खालचा मजला

बॅलार्ड पिअर ते धोबी तलाव. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. पण या एका वाटेवर क्रूझचे दोन्ही चेहरे भेटतात. एक ब्रोशरमधला आणि दुसरा ब्रोशरमध्ये कधीच न येणारा!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, डेकवरचा स्विमिंग पूल, उशिरापर्यंत चालणारा बुफे आणि रात्री केबिनमध्ये परतल्यावर बेडवर आपली वाट बघत बसलेला टॉवेलचा हत्ती. या हत्तीचा आपण फोटो काढतो, इन्स्टावर टाकतो आणि विसरून जातो. तो बनवणारे हात मात्र फोटोत येत नाहीत. कोण असतात ते? किती तास राबतात? आणि त्यांच्या हातात महिन्याला नेमकं पडतं तरी काय?

प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही. तुमच्या ग्रुपमध्येही एखादा असेलच, बॉसवर वैतागून ‘सोडतो यार हा जॉब, शिपवर जातो, डॉलरमध्ये कमावतो’ म्हणणारा. आपल्याकडे वसईपासून मालवणपर्यंत आणि पुढे थेट गोव्यापर्यंत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे कुणी ना कुणी ‘शिपवर’ असतं. त्यामुळे उत्तरं शोधायला मायामीला जावं लागत नाही. एका मोकळ्या दुपारी फोर्टात चालायची तयारी ठेवली तरी पुरे.

चकाचक दरवाजा

सुरुवात बॅलार्ड पिअरपासून. विमानं नव्हती तेव्हा विलायतेला जाणारा माणूस इथूनच बोटीत चढायचा. आता इथे मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. काचा, एसी, चेक-इन काउंटर... एअरपोर्टवर आल्यासारखंच वाटतं. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांच्या ट्रॉली बॅगा, गॉगल आणि सेल्फी. माहोल एकदम हॉलिडेचा!

आणि जगात हा माहोल वाढतोच आहे. 2024 या एका वर्षात साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी समुद्रावरची क्रूझ केली. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर 20 डेक आहेत, खच्चून भरली तर साडेसात हजारांवर प्रवासी मावतात आणि त्यांच्या दिमतीला असतात सुमारे 2,350 कर्मचारी. म्हणजे एक मध्यम आकाराचं गावच. फक्त या गावातले काही हजार लोक कायम सुट्टीवर असतात आणि बाकीच्यांना सुट्टीच नसते.

फायली घेऊन उभी पोरं

टर्मिनलमधून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की बॅलार्ड इस्टेट. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेल्या मातीचा भराव घालून शंभर वर्षांपूर्वी वसवलेली ही वस्ती. गेटवे ऑफ इंडियाचा आर्किटेक्ट जॉर्ज विटेट यानेच हिचाही आराखडा केला. शांत रस्ते, दगडी इमारती आणि जेवणाच्या वेळेला बेरी पुलावसाठी ब्रिटानियाबाहेर ताटकळलेली गर्दी. पण याच गल्ल्यांत आणखी एक गर्दी असते. प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या विशी-पंचविशीतल्या पोरांची.

त्या फाइलीत काय काय असतं! पासपोर्ट. ‘सीडीसी’, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक. जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, सुरक्षितता अशा छोट्या छोट्या कोर्सेसची सर्टिफिकेट्स. प्रवासी जहाजावर गर्दी हाताळायचं आणखी एक. मेडिकल. अमेरिकेतून जहाज पकडायचं असेल तर क्रूचा खास व्हिसा. कोर्स म्हटला की फी आली, फी आली की मुंबईत राहण्या-खाण्याचा खर्च आला. पहिला डॉलर दिसण्याआधीच बऱ्याच घरांत थोडंफार कर्ज झालेलं असतं.

आणि इथेच एजंट नावाचा प्राणी भेटतो. नियम अगदी स्पष्ट आहे. सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 2006 साली मंजूर झाला, 2013 पासून लागू झाला आणि भारतानेही 2015 मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून एक पैसाही घेता येत नाही. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसी एवढाच खर्च आपला. व्हिसाचा खर्चही कंपनीचा. शिवाय भरती करणाऱ्या कंपनीकडे डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगचं लायसन्स असावंच लागतं, त्याला ‘आरपीएसएल’ म्हणतात. तरीही ‘सर्व्हिस चार्ज’, ‘प्रोसेसिंग’, ‘सीट ब्लॉक करायला’ अशा नावांखाली पैसे मागणारे काही कमी नाहीत. नोकरीची घाई असली की माणूस पावतीही मागत नाही.

ट्रंकांचा मजला

तिथून जीपीओ, सीएसएमटी, मग महापालिका मार्गाने आझाद मैदान डावीकडे ठेवत सरळ मेट्रो सिनेमा. समोर धोबी तलाव. कयानीचा मावा केक आणि फुर्टाडोजची गिटारं ज्या इमारतीत आहेत, ती जेर महल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण तिचे जिने चढून वर किती जण गेलेत?

वर आहेत ‘कूड’. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी काढलेले क्लब. क्लब म्हणजे पूल टेबल आणि बार नव्हे! एक मोठी खोली, भिंतीलगत ओळीने ट्रंका, एका बाजूला देवाची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी आणि रात्री आपापल्या ट्रंकेशेजारी अंथरूण. बोट लागेपर्यंत अगदी थोडक्या पैशांत राहायची सोय. एकेकाळी मुंबईत असे शेकडो कूड होते. आता मोजकेच उरलेत. कोकणीत बोटीवरच्या माणसाला ‘तारवटी’ म्हणतात. या तारवट्यांच्या कित्येक पिढ्या इथूनच जगभर गेल्या. आधी मालवाहू आणि प्रवासी आगबोटींवर खलाशी, आचारी, बटलर म्हणून. मग क्रूझवर.

जिन्यात भेटलेल्या एका रिटायर्ड काकांनी, ‘बस गो बाय,’ म्हणत पायरीवरच जागा करून दिली आणि जहाजाचं पोट उलगडून दाखवलं. पाहुण्यांना दिसतात ते वरचे डेक. पाण्याच्या पातळीच्या आसपास, जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक कॉरिडॉर जातो. अमेरिकेतल्या हायवेवरून क्रूने त्याचं नाव पाडलंय ‘आय-95’. ट्रॉल्या, लाँड्री, भाज्यांचे खोके आणि युनिफॉर्ममधली धावपळ, सगळं याच रस्त्याने. इथूनच फुटतात क्रूच्या केबिन. बहुतेकींना खिडकी नाही. करारानुसार प्रवासी जहाजावर दोघांच्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण आठ बाय दहा. चाळीत वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण चाळीत निदान गॅलरी तरी असते!

दहा तासांची विश्रांती, कागदावर

कामाचे तास? जहाजाच्या झेंड्याचा देश दोनपैकी एक नियम निवडतो. एक तर 24 तासांत 14 आणि आठवड्यात 72 तासांपेक्षा जास्त काम नाही. नाहीतर 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती. वाचायला दोन्ही छान वाटतं. पण आठवड्याचे तास असतात 168. त्यातून 77 वजा केले की उरतात 91. म्हणजे दुसऱ्या नियमात सातही दिवस रोज 13 तास काम कायद्यात बसतं! वर ती दहा तासांची विश्रांतीही दोन तुकड्यांत देता येते, फक्त त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असला म्हणजे झालं. सकाळी ब्रेकफास्ट, दुपारी दोन-तीन तास ब्रेक, मग डिनर संपून टेबलं लागेपर्यंत. आपल्या ऑफिसातला ‘लेट सिटिंग’वाला आठवडा आठवा आणि तो सलग आठ महिने चालू आहे असं समजा. मध्ये एकही रविवार नाही.

चला, हिशेब मांडू

आता मुद्द्याचं. पगार!

हॉटेल विभागात काँट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं. मधली दीड-दोन महिन्यांची सुट्टी बहुतेकांची बिनपगारी. डेकवरच्या कुशल खलाशासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवस्थेत किमान मूळ पगार ठरतो. 2025 साठी तो महिना 673 डॉलर होता, 2026 साठी 690. पण टेबलं लावणाऱ्या आणि बेड घालणाऱ्यांचा पगार कंपनी आणि युनियन यांच्यातल्या करारावर अवलंबून. शिवाय त्याचा मोठा हिस्सा येतो ग्रॅच्युइटीतून. बड्या अमेरिकन कंपन्या पाहुण्यांच्या बिलात दर माणशी रोजचे साधारण 16 ते 20 डॉलर लावतात, ते स्टाफमध्ये वाटले जातात. काही ठिकाणी पाहुण्याला ही रक्कम बिलातून काढूनही टाकता येते. म्हणजे पगार देण्याचं अर्धं ओझं कंपनीने अलगद पाहुण्याच्या खांद्यावर टाकलेलं.

हिशेबासाठी धरू, सगळं मिळून 900 डॉलर. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 76,500 रुपये. ऐकायला मस्त! राहणं-खाणं फुकट, लोकलचा पास नाही, वर्षातला बराच काळ देशाबाहेर गेल्यामुळे करातही बरीच सूट. पण आता हे पैसे तासांत मोजू. रोज दहा तास, महिन्याला 300 तास. तासाला तीन डॉलर, म्हणजे 255 रुपये. आणि आठ महिन्यांची कमाई बिनपगारी सुट्टीचे दोन धरून दहा महिन्यांवर पसरली, तर महिन्याला 61,200. मुंबईत 45 हजारांवर महिन्याला 216 तास काम करणाऱ्याचा तासाचा दर निघतो 208. फरक आहे, पण स्वप्नात दिसला होता तेवढा नाही.

मग लोक जातात कशाला? कारण तासाच्या दरापेक्षा शिल्लक महत्त्वाची असते. जहाजावर खर्च जवळपास नसतो, त्यामुळे बचत एकरकमी होते. गावाकडे स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न होतं, भावाची फी भरली जाते. सासष्टीतली कितीतरी घरं याच पैशांतून उभी राहिली. ही कमाई खोटी नाही. फक्त ती घेताना आपण नेमकं काय विकतोय, ते कुणी सांगत नाही.

झेंडा कुणाचा?

कंपनीचं ऑफिस अमेरिकेत, स्टाफ भारत-फिलिपिन्स-इंडोनेशियाचा आणि जहाजावर झेंडा बहामास, पनामा, बर्म्युडा नाहीतर माल्टाचा. जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. सगळं सुरळीत असताना याने काही बिघडत नाही. बिघडलं की कळतं.

फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ क्वारंटाइन झाली, तेव्हा तिच्यावर 138 भारतीय होते. त्यातले 132 कर्मचारी! पाहुणे केबिनमध्ये बंद होते आणि हे लोक त्यांना दारापर्यंत जेवण पोचवत होते. पुढे जगभर हजारो क्रू महिनोन्महिने जहाजांवर अडकले. आपल्या मुंबईतही ‘मरेला डिस्कव्हरी’वरच्या जवळपास दीडशे भारतीयांना 23 एप्रिल 2020 ला जमिनीवर पाय ठेवता आला, तोही सरकारने खास नियमावली काढल्यावर. त्याआधीची आठवण 2012 ची. जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाली, 32 जण गेले. सर्वात शेवटी, नोव्हेंबर 2014 मध्ये, ज्याचे अवशेष सापडले तो मुंबईचा वेटर होता.

जायचं की नाही?

जायचं असेल तर जरूर जा. पंचविशीत जग बघायला मिळतं, बचत होते, कामाची शिस्त लागते. पण ‘डॉलर’ या एका शब्दावर सही करू नका. आणि तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल, तर बिलातली ग्रॅच्युइटी खोडू नका. ती ‘एक्स्ट्रा’ नाही, कुणाचा तरी पगार आहे.

सही करण्याआधी...

• कंपनीचा ‘आरपीएसएल’ नंबर डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका.

• नोकरीसाठी पैसे मागितले की तिथूनच परत फिरा.

• काँट्रॅक्ट घरी आणून वाचा. मूळ पगार किती, ओव्हरटाइम किती, टिपमधून किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं.

• काँट्रॅक्ट संपल्यावर घरी परतायचं तिकीट कंपनीचं. आजारी पडलात किंवा जखमी झालात तर उपचारांचा खर्चही कंपनीचा. जबाबदारीला मर्यादा घातली तरी ती 16 आठवड्यांच्या आत संपवता येत नाही.

• जहाजावर कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद असते. तुमच्या सहीची प्रत मागून घ्या आणि न केलेल्या विश्रांतीवर सही करू नका.

• जहाजावर कोणता झेंडा आहे आणि कोणत्या युनियनचा करार आहे, हे घरच्यांनाही सांगून जा. अडचण आली तर दारं त्यांनाच ठोठवावी लागतात.